घरातील लावे आणि दुर्गंधीचे खरे कारण



गतवर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही आमच्या घरचे चार लावे एका पिंजऱ्यात ठेवले होते. ते पाहून सातवी-आठवीच्या काही मुलांनी आम्हांस विचारले, "सर, आम्हीही घरी लावे पाळू का?" दुसऱ्याच दिवशी त्यांतील एका मुलाच्या आईने शाळेत येऊन वेगळाच प्रश्न केला, "सर, पक्षी सुंदर आहेत, पण घरात वास येणार नाही ना?" मुलांच्या प्रश्नाचे उत्तर आईच्या प्रश्नात दडलेले आहे. म्हणून हा लेख दोघांसाठीही लिहीत आहोत.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. लावा हा आपल्या देशाला नवा नाही. संस्कृतात त्यास वर्तिका, लावक अशी नावे आहेत. अश्विनीकुमारांनी वृकाच्या मुखातून वर्तिकेची सुटका केली, असा उल्लेख ऋग्वेदात अनेकदा येतो. आपल्याकडील माळरानात व शेतांच्या कडेला गवतातून भुर्रकन उठणारे लावे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. परंतु हे रानातील लावे पकडणे, विकत घेणे अथवा पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे, आणि ते योग्यच आहे. घरी पाळावयाचा तो जपानी लावा. जपानात तो शतकानुशतके माणसाळविला गेला. आधी त्याच्या आवाजासाठी, नंतर अंड्यांसाठी. आपल्या देशात तो १९७४ साली उत्तर प्रदेशातील बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संशोधन केंद्रात आणण्यात आला व तेथून सर्वत्र पसरला. १९९० साली 'मीर' या अंतराळस्थानकात अंड्यांतून पिले बाहेर आली, तीही याच जातीची. तेव्हा पक्षी लहान असला तरी त्याची कीर्ती लहान नाही.

सतरा-अठरा दिवसांत अंड्यातून बाहेर येणारे हे पिलू सहा-सात आठवड्यांत प्रौढ होते व मादी अंडी घालू लागते. प्रौढ पक्ष्याचे वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम, अंड्याचे दहा-बारा ग्रॅम. दिवसाकाठी तो वीस ते तीस ग्रॅम खाद्य खातो. मूठभर जीव, मूठभर दाणे. मग घाण ती कितीशी होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. आम्हांसही तसेच वाटले होते. त्या समजुतीची किंमत आमच्या एका पक्ष्याने मोजली. ती हकीकत आधी सांगतो; मग शास्त्र.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सहा लावे घरी आणले. समोरच्या बंदिस्त पडवीत पिंजरा ठेवला, तळाशी जुनी वर्तमानपत्रे अंथरली आणि मधोमध पाण्याचे पसरट भांडे ठेवले. मे महिना सुरळीत पार पडला. वास नाही, माशा नाहीत. आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास मोठ्या अभिमानाने पक्षी दाखवीत असू. मग पाऊस सुरू झाला. गोव्यातील पाऊस कसा असतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते. खिडक्या बंद, हवा कोंदट. आम्ही कागद बदलीत होतो, पण एक दिवस आड. कधी दोन दिवसांनी. आम्हांस वास असा कधी जाणवलाच नाही.

जुलैच्या मध्यास शेजारच्या आजी काही कामासाठी आल्या. त्या पायरीवरच थांबल्या आणि पदर नाकाला लावून म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या घरांत सुकण्यांची घाण येता." आम्हांस किंचित रागच आला. वृद्ध माणसे पक्ष्यांना नावे ठेवतातच, असे आम्ही मनाशी म्हटले. दोन दिवसांनी पाहतो तो एक मादी डोळा मिटून कोपऱ्यात बसली होती व पुन्हापुन्हा खांद्यावर डोके घाशीत होती. पशुवैद्यांना घरी बोलावले. त्यांनी पक्ष्याकडे पाहण्यापूर्वी आम्हांस सांगितले, "पिंजऱ्याचे दार उघडा, गुडघे टेका आणि नाक जमिनीपासून चार बोटांवर आणून एक मिनिट थांबा." आम्ही तसे केले. अर्ध्या मिनिटात डोळ्यांतून पाणी वाहू लागले व घसा खवखवला. ते म्हणाले, "तुम्ही अर्धे मिनिट थांबलात. ही येथे रात्रंदिवस राहते." औषध दिले, जागा स्वच्छ केली, परंतु त्या मादीचा एक डोळा गेला तो गेलाच. पुढे ती जगली, पण दाणा टिपण्यापूर्वी प्रत्येक वेळी मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहण्याची सवय तिला लागली. ती मान वळताना पाहिली की आम्हांस स्वतःच्या आळसाची आठवण होत असे.

आता शास्त्राकडे वळू. पक्ष्याला वेगळे मूत्र नसते. त्याच्या विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो, तोच त्याचे मूत्र होय. शरीरातील निरुपयोगी नत्र पक्षी यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतो. हे आम्ल कोरडे असताना जवळजवळ गंधहीन असते. परंतु त्याला पाणी मिळाले, थोडी ऊब मिळाली, की सूक्ष्मजंतू त्यावर काम करू लागतात. ते यूरिक आम्लाचे विघटन करतात आणि शेवटी अमोनिया हा वायू सुटतो. नाकाला झोंबणारा व डोळ्यांत पाणी आणणारा तो हाच. म्हणजे दुर्गंधी पक्ष्याची नसते, विष्ठेचीही फारशी नसते; विष्ठा आणि ओल यांच्या भेटीतून ती जन्माला येते. मे महिन्यात आमच्याकडे वास नव्हता आणि जुलैत आला, याचे कारण एवढेच. पक्षी तेच होते, खाद्य तेच होते. ओल तेवढी वाढली होती.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की अमोनिया तळाशीच निर्माण होतो. उभ्या माणसाच्या नाकापर्यंत पोहोचेतो तो हवेत विरळ होतो. लाव्याचे डोके मात्र जमिनीपासून चार बोटांवर. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे पंचवीस भाग झाले, की पक्ष्यांस अपाय होऊ लागतो असे कुक्कुटपालनात मानतात. दुसरी गोष्ट अशी की आपले नाक फार लवकर सरावते. ज्या घरात आपण दिवसभर वावरतो, त्या घराचा वास आपल्याला कळेनासा होतो. म्हणूनच शेजारच्या आजींना जे दारात कळले, ते आम्हांस घरात राहून कळले नाही.

ओल हा शत्रू असल्याचे एकदा समजले, की उपाय आपोआप सुचतात. ते क्रमाने सांगतो.

पाण्याची जागा. पिंजऱ्यातील बहुतेक ओल विष्ठेतून नव्हे, सांडलेल्या पाण्यातून येते. लावे भांड्यात पाय देतात, चोच झटकतात, भांडे उपडे करतात. म्हणून पाण्याचे व खाद्याचे भांडे पिंजऱ्याबाहेर टांगावे आणि गजांमध्ये पक्ष्याचे डोके जाईल पण अंग जाणार नाही एवढी फट ठेवावी. सांडले तर ते बाहेर सांडते व दिसते. खाद्य चोचीने उडविण्याची लाव्यांस मोठी हौस असते, तिलाही या रचनेने आळा बसतो. लहान पिलांचे पाणी मात्र आतच ठेवावे लागते. ते अगदी उथळ बशीत द्यावे व बशीत स्वच्छ खडे घालावेत, नाहीतर इवलीशी पिले त्यात बुडून मरतात.

अंथरूण. वर्तमानपत्र हे सर्वांत वाईट अंथरूण. ते ओल शोषून घेत नाही, नुसते भिजते. शिवाय त्यावरून पिलांचे पाय घसरून फाकतात. आपल्याकडे भातगिरणीतून मिळणारे भाताचे तूस उत्तम. सुताराच्या रंध्याखाली निघणारी पातळ साले त्याहूनही चांगली, मात्र लाकूड पॉलिश अथवा औषध लावलेले नसावे. करवतीचा बारीक भुसा टाळावा. त्याची धूळ उडते व पिले तो खातात. अंथरूण दोन-तीन इंच जाड असावे. ते बदलावयाचे केव्हा, याची खूण सोपी आहे. मूठभर घेऊन दाबावे. मूठ उघडताच ते विस्कटले तर ठीक. लाडवासारखे राहिले तर त्यास निरोप द्यावा.

जागा. एका पक्ष्यामागे निदान एक चौरस फूट जागा धरावी. सहा पक्ष्यांस चार फूट लांब व दोन फूट रुंद पिंजरा पुरतो. त्याच जागेत बारा पक्षी कोंबले तर घाण दुप्पट होते आणि ती वाळावयास मिळणारा वेळ निम्मा होतो. लावा घाबरला की सरळ वर उडी घेतो व छतावर डोके आपटून घेतो. म्हणून उंची फुटाएवढीच ठेवावी आणि छताला आतून मऊ कापड ताणून लावावे. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा निजण्याच्या खोलीत ठेवू नये. समोरासमोर खिडक्या असलेली पडवी चांगली. वारा खेळता असावा, पण थेट पक्ष्यांच्या अंगावर येऊ नये. जाळी बारीक व भक्कम हवी, कारण मांजर, मुंगूस व साप यांस लाव्यांचा पत्ता लवकर लागतो.

खाद्य. शरीरास जेवढी प्रथिने लागतात, त्याहून अधिक दिली तर जादा नत्र विष्ठेतून बाहेर पडतो व अमोनियाची भर होते. वाढत्या पिलांच्या खाद्यात शेकडा चोवीसच्या वर प्रथिने लागतात. अंडी देणाऱ्या पक्ष्यास वीसच्या सुमारास पुरतात. पिलांचे खाद्य मोठ्या पक्ष्यांस जन्मभर घालणे म्हणजे पैसा खर्चून दुर्गंधी विकत घेणे होय. अंड्याच्या कवचासाठी चुना हवा. त्यासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवाव्यात. गोव्याच्या घरात त्यांचा तुटवडा कधीच नसतो.

स्वच्छतेचे वेळापत्रक. रोज सकाळी ओले डाग उचलावेत, अंथरूण वरखाली करावे व पाणी बदलावे. यास पंधरा मिनिटे लागतात. आठवड्यातून एकदा सर्व अंथरूण काढून नवे घालावे. आठवडाच का? उबदार हवेत माशीच्या अंड्यापासून नवी माशी तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्याआधीच घाण घराबाहेर गेली, तर माशीचा वंश पिंजऱ्यात वाढत नाही. पावसाळ्यात मात्र आठवड्यातून दोनदा अंथरूण बदलावे, आणि तुसाची पोती मे महिन्यातच भरून, फळीवर उंच, कोरडी ठेवावीत. महिन्यातून एकदा पिंजरा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. पक्षी परत घालण्याची घाई करू नये.

धूळ. लावे पाण्याने स्नान करीत नाहीत, धुळीने करतात. कोरडी वाळू भरलेली पसरट पेटी त्यांस रोज अर्धा तास द्यावी व मग काढून घ्यावी. दिवसभर ठेवली तर तिचे शौचकूप होते आणि वाळू घरभर पसरते. पिसांची बारीक धूळ सामानावर बसते. ती कोरड्या झाडूने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी. घरात कोणाला दम्याचा विकार असेल तर घरात पक्षी ठेवूच नयेत.

आता जे करू नये, ते सांगतो. विष्ठेवर राख टाकण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. कोरड्या जागी ती ओल शोषते हे खरे. परंतु राख व चुना हे क्षारधर्मी आहेत, आणि ओल्या विष्ठेत क्षार मिसळला की अमोनिया अधिकच सुटतो. त्याउलट तळाचे ताट पुसताना पाण्यात थोडा व्हिनेगर घातला तर आम्लामुळे वास कमी होतो. विष्ठा असलेल्या जागी ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नये. ती अमोनियाशी मिसळली म्हणजे विषारी वायू तयार होतो व त्याने माणसासही अपाय होतो. उदबत्ती, धूप, सुगंधी फवारे यांनी वास जात नाही, नुसता झाकला जातो. आणि पक्ष्यांची फुप्फुसे धुराला फार नाजूक असतात. न चिकटणारा तवा अति तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतात. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

नवशिक्यांचा गोंधळ उडविणाऱ्या दोन गोष्टी येथेच सांगून टाकू. नराच्या विष्ठेवर कधी पांढरा फेस दिसतो. तो रोग नव्हे. नराच्या एका ग्रंथीतून तो येतो व प्रौढपणाचे लक्षण आहे. तसेच दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी विष्ठा पिवळसर-तपकिरी, चिकट व फार घाण वासाची असते. पक्ष्याच्या आतड्यास दोन आंधळ्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यांतून ती येते. तीही निरोगी पक्ष्याची खूण आहे. फक्त ती लगेच उचलावी.

आरोग्याचे नियम थोडे पण कडक आहेत. पक्ष्यांना किंवा अंड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पिंजरा साफ करताना नाकातोंडावर कापड बांधावे आणि वाळलेल्या विष्ठेवर आधी थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ श्वासात जात नाही. पिंजऱ्याची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नयेत. पाच वर्षांखालील मुलांनी पक्षी हाताळू नयेत. अंडी पूर्ण उकडूनच खावीत. पक्षी एकाएकी मरू लागले तर मेलेल्यास हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

काढलेली घाण टाकून देण्याजोगी वस्तू नाही. तिच्यात नत्र भरपूर, आणि तुसात व वाळलेल्या पानांत कार्बन भरपूर. दोन्ही थर परसातील खड्ड्यात आलटून पालटून घालावेत व झाकून ठेवावेत, म्हणजे काही महिन्यांत काळेभोर, मातीचा वास येणारे खत होते. ताजी विष्ठा मात्र झाडाच्या बुंध्याशी घालू नये. आम्ही एकदा ती मिरचीच्या रोपांना घातली आणि चार दिवसांत रोपे करपली. तेच खत सहा महिने मुरल्यावर घातले, तेव्हा त्याच वाफ्यात मिरच्या लगडल्या.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. लावे पाळावेत काय? रोज पंधरा मिनिटे देण्याची तयारी असेल, परीक्षेच्या दिवसांतही आणि चतुर्थीला मामाच्या घरी जाल तेव्हाही ते काम दुसरा कोणी करील अशी व्यवस्था असेल, तर अवश्य पाळावेत. नर मोठ्याने आरवतो, म्हणून शेजाऱ्यांस आधी विचारावे, आणि तीन-चार माद्यांमागे एकच नर ठेवावा. लावा दोन-तीन वर्षे जगतो. तेवढी वर्षे त्याला पिंजऱ्याबाहेर जाता येत नाही, खिडकी उघडता येत नाही, तक्रार करता येत नाही. रानातला लावा घाण झालेली जागा सोडून पुढच्या गवतात जातो. घरातल्या लाव्यासाठी ते पुढचे गवत आपण रोज सकाळी अंथरावयाचे असते. एवढे कबूल नसेल तर पाळू नयेत. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आणखी एक अट आम्ही घालू. पक्षी आणण्यापूर्वी असे एक माणूस शोधून ठेवा, की जे तुमच्या घरात राहत नाही आणि तुमची भीड धरीत नाही. आमच्याकडे ते काम शेजारच्या आजी करतात. पावसाळ्यात दर रविवारी त्या आमच्या पायरीवर येऊन उभ्या राहतात व दीर्घ श्वास घेतात. "आज बरें आसा," असे त्या म्हणाल्या तर आम्ही त्यांस चहा देतो. नुसता पदर नाकाकडे गेला, तरी आम्ही चहा बाजूला ठेवून तुसाचे पोते उघडतो.